नाटकाचं एचडी रेकॉर्डिंग ते डीव्हीडी : कामाच्या नोंदी

३ जून

ग्रुपच्या नाटकाचं सगळं फुटेज एका हार्ड डिस्कवर आलंय. आता ते डीव्हीडीवर पाहिजे, कारण जुन्या मंडळींकडे टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयरच आहे आणि त्यांना लिंक पाठवून काही उपयोग नाही, रिमोटवर प्ले दाबलं की नाटक सुरू झालं पाहिजे एवढीच त्यांची अपेक्षा. अपेक्षा छोटी आहे पण त्यामागे काम बरंच आहे, म्हणून ह्या नोंदी, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला करायचं झालं तर सापडतील.

हातात काय आहे ते आधी लिहून ठेवतो. मुख्य कॅमेरा हॉलच्या मागून, १९२० बाय १०८०, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम, एमटीएस फाइल्स. पडद्यामागच्या गप्पांच्या मोबाइल क्लिप्स, त्यातल्या काही फोरके आणि एक चक्क उभी धरून काढलेली. एका जुन्या प्रयोगाचा तुकडा, तो १०८० इंटरलेस, म्हणजे प्रत्येक फ्रेम विषम आणि सम ओळींच्या दोन अर्ध्या भागांत (फील्डमध्ये) टिपलेली. आणि साउंड बोर्डवरून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज. पहिला अंक ६८ मिनिटं, दुसरा ५४, बाकीचं मिळून ९ मिनिटं.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की एमपीफोर फाइल तशीच डिस्कवर टाकली तर? टाकता येते, पण ती डेटा डिस्क झाली. यूएसबी पोर्टवाले नवे प्लेयर कधीकधी वाचतात, जुना प्लेयर सरळ नाही म्हणतो. खऱ्या डीव्हीडीला एमपेग-२ व्हिडिओ लागतो, ठरलेल्या मापाचा, ठरलेल्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावांनी. हे नियम १९९६ च्या सुमाराचे आहेत आणि प्लेयरची चिप तेवढंच शिकलेली आहे, तिला त्यापुढचं काही माहीत नाही.

एचडीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. पाल (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) डीव्हीडीची फ्रेम ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२०. बरोब्बर पाचवा भाग! चार भाग जाणारच, कुठलंही सॉफ्टवेअर आणलं तरी जाणार. पण सेकंदाला ५० वेळा टिपलेली हालचाल आहे ना, ती मात्र डीव्हीडीवर पूर्ण बसते, आणि ती आपण टाकून द्यायची नाही. बाकी सगळे निर्णय ह्या एका गोष्टीकडे बघून घ्यायचे असं ठरवलंय.

४ जून

एमटीएस फाइल्स जोडल्या. कॅमेरा कार्डवर सलग रेकॉर्डिंगचे आपोआप तुकडे करतो, आणि हे तुकडे एडिटरमध्ये एकामागे एक ठेवले की जोडावर आवाजात बारीक टिक ऐकू येतो, कारण आवाजाची शेवटची फ्रेम अर्धी ह्या फाइलमध्ये आणि अर्धी पुढच्या फाइलमध्ये असते. त्यामुळे एडिटरमध्ये न्यायच्या आधीच फाइल्स बाइटला बाइट लावून एक केल्या, साध्या कॉपीच्या बायनरी मोडने. काही सेकंदांचं काम, टिक गायब.

मग मीडियाइन्फो ह्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फाइल उघडून फ्रेमरेट, इंटरलेस आहे का प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचं), रंगाचा मॅट्रिक्स (रंग आकड्यांत मांडायचं सूत्र), आवाजाचं सॅम्पलिंग असं सगळं एका तक्त्यात टाकलं. कंटाळवाणं काम आहे पण पुढचे निम्मे गोंधळ इथेच दिसतात. मोबाइलच्या क्लिप्सना फ्रेमरेटच्या पुढे व्हेरिएबल (बदलता) लिहिलेलं दिसलं, जुना तुकडा टॉप फील्ड फर्स्ट, म्हणजे वरच्या ओळीचं फील्ड आधी.

७ जून

आज हिशोब. डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असतं ते हजाराच्या हिशोबाने, म्हणजे ४७० कोटी बाइट. कॉम्प्युटर १०२४ च्या हिशोबाने दाखवतो म्हणून तिथे ४.३७ दिसतं, माल तेवढाच. बिट्समध्ये ३,७६० कोटी. मेनू, पॅकिंगचा खर्च आणि कडेची थोडी मोकळी जागा म्हणून ५ टक्के सोडले तर अंदाजे ३,५७० कोटी बिट वापरायला मिळतात.

सगळं मिळून १३१ मिनिटं म्हणजे ७,८६० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला साधारण ४.५ मेगाबिट, त्यात आवाजही आला. बसेल. पण नाटक म्हणजे काळोखा स्टेज, एक स्पॉटलाइट आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचे दाणे, आणि एमपेग-२ चा सगळ्यात मोठा शत्रू हाच. गप्पांच्या क्लिपला ४.५ पुरेल, ह्याला नाही पुरणार, अंधारात चौकोन चौकोन दिसायला लागतील.

ड्युअल लेयर डिस्कचा विचार केला, ८.५ जीबी मिळतात, एकाच डिस्कवर सगळं मावतं. पण लेयर बदलताना चित्र क्षणभर अडकतं आणि घरी बर्न केलेल्या ड्युअल लेयर डिस्क जुने प्लेयर कुरकुरत वाचतात. नाटकाला मध्यंतर आहेच की! डिस्क बदलायची जागा लेखकानेच करून ठेवलीये. तर दोन डिस्क, एक अंक एक डिस्क, बाकीच्या क्लिप्स दुसऱ्या डिस्कवर.

पहिल्या डिस्कला आता ४,०८० सेकंद, म्हणजे ८.७ मेगाबिटपर्यंत जाता येतं. नियमाप्रमाणे व्हिडिओ ९.८ आणि सगळं मिळून १०.०८ ची मर्यादा आहे. पण मर्यादेला टेकायचं नाही. बर्न केलेली डिस्क छापील डिस्कइतकी चांगली परावर्तित करत नाही, प्लेयरला एखादा भाग परत वाचायला लागतो, आणि त्या वेळी बिटरेट (सेकंदाला किती बिट) डोक्याला लागलेला असला की चित्र थबकतं. म्हणून सरासरी ६.८ आणि वरची टोपी ८. फाइल ३.६ जीबीच्या आसपास होईल, म्हणजे डिस्कची बाहेरची कड रिकामीच राहते. चांगलंच आहे ते, वाचनाच्या चुका कडेलाच जास्त निघतात.

८ जून

हा दिवस फक्त फील्डसाठी.

पाल डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेम देते, त्यामुळे बहुतेक लोक ५० फ्रेमचं फुटेज घेतात, एक सोडून एक फ्रेम फेकतात आणि २५ प्रोग्रेसिव्ह बनवतात. कॉम्प्युटरवर ते स्वच्छ दिसतंही. पण नट स्टेजच्या ह्या टोकापासून त्या टोकाला झपाझप चालत गेला, किंवा नाचाचा प्रवेश आला, की टीव्हीवर चित्र धक्के खात जातं. डीव्हीडीच्या त्या २५ फ्रेममध्ये प्रत्येकी दोन फील्ड असतात, एकात विषम ओळी दुसऱ्यात सम. विषम ओळी पहिल्या फ्रेममधून घेतल्या आणि सम ओळी त्याच्या पुढच्या फ्रेममधून, तर सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण डिस्कवर जातात, प्रत्येक क्षण अर्ध्या ओळींचा का होईना. टीव्ही ते उलगडून दाखवतो आणि हालचाल अगदी लोण्यासारखी दिसते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ५० पूर्ण फ्रेम ७२० बाय ५७६ ला आणायच्या, मग विणायच्या, म्हणजे दोन-दोन फ्रेमच्या विषम-सम ओळी अशा एकत्र करायच्या. जुन्या इंटरलेस तुकड्याला आधी उलगडायला लागलं, बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने ५० पूर्ण फ्रेम केल्या, मग छोटं केलं, मग परत विणलं. न उलगडता उभं माप कमी केलं तर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकीत मिसळतात आणि हललेल्या प्रत्येक गोष्टीला भुताटकी सावली येते, ती नंतर कशानेच निघत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चमचम. सेटवर आडव्या पट्ट्यांची खिडकी आहे. एचडीमध्ये देखणी दिसते, पण छोटी केल्यावर एकेक पट्टी एका ओळीएवढी बारीक होते आणि ती ओळ एकाच फील्डमध्ये असते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा आहे-नाही आहे-नाही. डोळ्यात खुपतं. विणताना उभ्या दिशेने किंचित मऊपणा द्यायचा, एफएफएमपेग (व्हिडिओ बदलायचा मोफत प्रोग्रॅम) च्या इंटरलेस फिल्टरमध्ये लो-पासचा पर्याय आहे तो चालू ठेवला. स्थिर चित्र जरा मऊ होतं हे खरं, पण खिडकी शांत झाली. अजून धार काढायचा मोह होतो तो टाळायचा, शार्पन केलं की चमचम परत हजर.

फील्डचा क्रम टॉप फर्स्ट ठेवला. जुन्या डीव्ही टेपवरचं फुटेज असतं तर ते बॉटम फर्स्ट असतं, तिकडे लक्ष द्यावं लागलं असतं. क्रम उलटा पडला की माणूस दोन पावलं पुढे एक पाऊल मागे असा थरथरत चालतो, आणि हे लॅपटॉपवर कळत नाही, टीव्हीवरच कळतं. जो कुणी फाइल लॅपटॉपवर उघडेल त्याला हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील आणि तो फोन करेल की खराब झालंय. खराब नाही, लॅपटॉपवरच्या प्लेयरमधलं डीइंटरलेस (फील्ड उलगडायची सेटिंग) चालू करा.

९ जून

चित्राचं प्रमाण. डीव्हीडीवर १६:९ असो की ४:३, फ्रेम ७२० बाय ५७६ चीच असते, फक्त पिक्सेल ताणून दाखवायचे असा निरोप सोबत जातो. १६:९ ला ती १०२४ बाय ५७६ एवढी ताणली जाते. त्यामुळे एन्कोड केलेली (एमपेग-२ मध्ये बदललेली) फ्रेम नुसती बघितली तर सगळे नट उंच आणि बारीक दिसतात, घाबरायचं नाही.

उभ्या मोबाइल क्लिपचं गणित मजेशीर निघालं. ५७६ उंचीला तिची रुंदी ३२४ चौरस पिक्सेल, आणि डीव्हीडीच्या ताणलेल्या पिक्सेलमध्ये फक्त २२८. ७२० पैकी २२८! दोन्हीकडे नुसता काळा पडदा. तेच चित्र मोठं आणि धूसर करून मागे पसरवायची फॅशन आहे, मला आवडत नाही, शिवाय त्या हलत्या धूसरपणावर बिट्स उगाच खर्च होतात. काळंच ठेवलं.

११ जून

आवाज. रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याशी सुरुवातीला टाळीवर जुळवला, आणि अंकाच्या शेवटी पाहिलं तर शब्द ओठांच्या पुढे पळत होते, अंदाजे चार फ्रेमचा फरक. दोन यंत्रांची दोन घड्याळं, ६८ मिनिटांत एवढं होतंच. मधे कापून जुळवण्यापेक्षा पूर्ण ट्रॅक किंचित ताणला, फरक हजारात पाव भागापेक्षाही कितीतरी कमी आहे, कानाला सूर बदललेला कळत नाही.

कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाजही थोडा खाली मिसळला, नाहीतर प्रेक्षकांचं हसू गायब होतं आणि विनोद पोकळीत पडल्यासारखे वाटतात. बोर्डवरचा आवाज एकदम कोरडा असतो.

डीव्हीडीवर एएसी (एमपीफोर फाइलमधला नेहमीचा आवाजाचा प्रकार) चालत नाही, अजिबातच नाही. एसी-३ किंवा पीसीएम (न दाबलेला आवाज), आणि पाल प्लेयरवर एमपीटू, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ. ४४.१ वर रेकॉर्ड केलं असेल तर बदलून घ्यायचं. पीसीएम दर्जाने उत्तम पण स्टिरिओला सेकंदाला १.५ मेगाबिट खातो, तेवढे बिट्स माझ्या अंधाऱ्या प्रवेशांना हवेत. एसी-३, २५६ किलोबिट, विषय संपला.

१२ जून

पहिल्या अंकातला सगळ्यात वाईट भाग, म्हणजे दिवे हळूहळू जातात आणि निळ्या उजेडात एकटी बाई उभी असते तो, तेवढाच तुकडा काढून त्यावर प्रयोग केले. पूर्ण अंक लावून वाट बघत बसण्यात अर्थ नाही, जिथे मोडायचं असेल तिथेच आधी मोडून बघायचं.

मंद होत जाणारा उजेड एमपेग-२ ला जमत नाही. तो आधीच्या फ्रेममधला तुकडा उचलून हलवतो, सरकलेल्या हाताला ते ठीक आहे, पण सगळ्याच पिक्सेलचा उजेड बदलतोय म्हटल्यावर उचलण्यासारखं काही उरत नाही आणि प्रत्येक चौकोन नव्याने लिहायला लागतो. त्यात सेन्सरचे दाणे. एन्कोडर दाण्यांनाच तपशील समजतो आणि सगळे बिट्स तिकडे ओततो.

काय उपयोगी पडलं ते. आधी हलका डीनॉइज (दाणे कमी करणारा फिल्टर), एचक्यूडीएन३डी, तोही एचडी मापावरच, छोटं करायच्या आधी. जास्त केला तर चेहऱ्यांचं मेण होतं, त्यामुळे दाणे पूर्ण घालवायचे नाहीत. डीसी प्रिसिजन (प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड किती अचूक लिहायचा ते) ८ वरून १० बिटवर नेलं, निळ्या पडद्यावरचे पायऱ्या पायऱ्यांचे पट्टे बरेच कमी झाले, आणि ही सेटिंग फार कुणी वापरताना दिसत नाही. दोन पासमध्ये एन्कोड, म्हणजे पहिल्या फेरीत नुसतं मोजायचं कुठे किती अवघड आहे आणि दुसऱ्या फेरीत तसे बिट्स वाटायचे. गप्पांच्या प्रवेशातून वाचलेले बिट्स अंधाराला मिळतात, नाटकाला हे फारच जमतं.

एफएफएमपेगमध्ये पाल-डीव्हीडी नावाचं तयार टार्गेट आहे, ते दिलं की माप, २५ फ्रेम, एसी-३, १५ फ्रेमचा जीओपी (एकत्र दाबलेला फ्रेमचा गट), बफर सगळं आपोआप बसतं. चांगली सुरुवात आहे. पण ते बिटरेट ६ मेगाबिट, टोपी ९ आणि आवाज ४४८ धरतं, आणि इंटरलेसचं त्याला सांगायला लागतं, म्हणून टार्गेटच्या पुढे माझे आकडे आणि इंटरलेसचे दोन फ्लॅग लिहिले.

१३ जून

रात्री पूर्ण अंक लावला होता, सकाळी लॉगमध्ये बफर अंडरफ्लोच्या ओळी. अर्थ असा की त्या ठिकाणी फ्रेम एवढी जड झालीये की प्लेयरच्या छोट्या बफरमध्ये वेळेवर पोचणार नाही. हा बफर फक्त २२४ किलोबाइटचा असतो, आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेयरला काही फरक पडत नाही, तो सगळं गोड मानून चालवतो, म्हणून व्हीएलसीवर चाललं हा पुरावा नाही. जागा बघितली तर फोटोग्राफरच्या फ्लॅशचा लखलखाट होता, एकाच फ्रेमपुरतं सगळं पांढरं. टोपी ८ वरून ७.८ केली, ओळी गेल्या.

१५ जून

रंग. एचडीमध्ये ७०९ चा मॅट्रिक्स असतो, डीव्हीडीच्या मापाला टीव्ही ६०१ धरतो. न बदलता पाठवलं तर फरक बटबटीत नसतो, पण हिरवा आणि त्वचेचा रंग किंचित सरकतो आणि दिग्दर्शकाला बरोब्बर दिसतो, प्रकाशयोजनेवर त्यानेच तर डोकं फोडलेलं असतं. स्केल फिल्टरमध्ये आत ७०९ बाहेर ६०१ असं स्पष्ट लिहिलं.

मोबाइलची एक क्लिप एचडीआर (उजेडाचा जास्त मोठा पल्ला असलेली) निघाली. सरळ बदलली की सगळं धुतलेल्या कपड्यासारखं फिकट, तिला आधी टोनमॅप करून साध्या रंगात आणायला लागलं.

मोबाइल क्लिप्सचा फ्रेमरेट आधी पक्का ३० केला, व्हेरिएबलच ठेवला तर आवाज हळूहळू घसरत जातो. पण ३० चं २५ करायचं तर दर सहा फ्रेममागे एक फेकायची, आणि कॅमेरा फिरवताना ती उचकी स्पष्ट दिसते. त्यापेक्षा ३० ला ५० वर नेलं, म्हणजे तीन फ्रेमची पाच फील्ड होतात, दोन-दोन-एक अशी. सगळ्या फ्रेम शाबूत आणि जो काही असमानपणा उरतो तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा. गप्पाच आहेत, कुणाला कळणारही नाही.

१९ जून

सबटायटल. ग्रुपमधल्या काहींना ऐकू कमी येतं म्हणून मराठीच सबटायटल हवेत, आणि रिमोटवरून बंद करता आले पाहिजेत, चित्रावर कायमचे छापून नको.

डीव्हीडीला अक्षरं कळतच नाहीत. तिथे सबटायटल म्हणजे चार रंगांचं छोटं चित्र, त्यातला एक रंग पारदर्शक, उरले तीन. भाषेची अडचण नाही असं वाटतं, पण टेक्स्ट फाइल देऊन चित्र बनवणाऱ्या टूलने जोडाक्षरं मोडली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर, रफार एकटाच बाजूला. ते टूल अक्षरं एकापुढे एक ठेवतं, जोडत नाही. त्यामुळे ओळी आधी पीएनजी चित्र म्हणून काढल्या, अशा प्रोग्रॅममधून जो देवनागरी नीट जुळवतो, आणि मग ती चित्रं वेळेसकट टूलला दिली. काम वाढलं पण वाचता येतंय.

फॉन्ट जाड घेतला. बारीक शिरोरेषा इंटरलेसमध्ये खिडकीच्या पट्टीसारखीच लुकलुकते, किमान दोन ओळी जाडीची पाहिजे, तीन असली तर उत्तम. पांढरी अक्षरं, काळी कड, आणि मधे करडा जेणेकरून कड दातेरी दिसू नये. तीन रंग तिथेच संपले. जुने टीव्ही चारही बाजूंनी थोडं चित्र कापतात म्हणून खालून भरपूर जागा सोडली.

२२ जून

मेनू. दोन बटणं, नाटक सुरू करा आणि प्रवेश निवडा, बास. हलता मेनू, मागे संगीत, उडणारी पानं असलं काही नाही. १०२४ बाय ५७६ वर चित्र काढलं आणि शेवटी ७२० ला दाबलं, उलट केलं तर गोल बटणं अंडाकृती होतात. बटणावर जी चमक येते तीही चार रंगांचीच असते, सबटायटलसारखीच, म्हणून साधी जाड अधोरेघ दिली.

डिस्क घातल्यावर मेनू यावा की सरळ नाटक? सरळ नाटक ठेवलं. मेनू बटण दाबलं तरच मेनू. ज्यांच्यासाठी डिस्क आहे ते मेनूसमोर वाट बघत बसतील हे मला माहितीये.

२४ जून

डीव्हीडी-ऑथर नावाच्या प्रोग्रॅमने बांधणी. एक्सएमएलमध्ये सगळं लिहायचं, दिसायला रुक्ष पण कुठे काय आहे ते कळतं, ज्यांना खिडकीवाला प्रोग्रॅम हवा त्यांनी डीव्हीडीस्टायलर घ्यावा. पाल की एनटीएससी (दुसरी टीव्ही पद्धत) हे सुरुवातीलाच सांगायला लागतं, नाहीतर तो कामच करत नाही.

व्हिडिओच्या ओळीत नो-पॅनस्कॅन लिहिलं. हे नसेल तर जुन्या चौकोनी टीव्हीवर काही प्लेयर चित्र मोठं करून बाजू कापतात, आणि नाटकात बाजू कापली म्हणजे स्टेजच्या टोकाला उभा असलेला माणूस गेला. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील.

चॅप्टर प्रवेशाप्रमाणे. चॅप्टरची सुरुवात आधीच्या फ्रेमवर न टेकणाऱ्या, स्वतंत्र लिहिलेल्या फ्रेमवरच (की-फ्रेमवर) होऊ शकते, म्हणून त्या वेळा एन्कोड करतानाच सक्तीच्या की-फ्रेम म्हणून दिल्या होत्या, नाहीतर उडी मारल्यावर आधीच्या प्रवेशाचं अर्धं वाक्य ऐकू येतं. अंक संपल्यावर कुठे जायचं तेही लिहायला लागतं, मेनूला पाठवलं.

शेवटी व्हिडिओ-टीएस फोल्डर तयार, त्यात एक जीबीच्या आतले व्हॉब तुकडे, आयएफओ आणि त्यांच्याच प्रती म्हणजे बीयूपी, ओरखडा पडला तर दुसरीकडून वाचायला. सोबत रिकामं ऑडिओ-टीएस फोल्डर, काही जुने प्लेयर ते नसेल तर नखरे करतात. मग आयएसओ, म्हणजे पूर्ण डिस्कची एकच फाइल, डीव्हीडी-व्हिडिओचा पर्याय देऊन, साध्या डेटासारखा नाही.

२५ जून

बर्निंग. डीव्हीडी-आर घेतल्या, जुन्या प्लेयरना त्या जास्त मानवतात. डीव्हीडी+आर असत्या तर बुकटाइप (डिस्क कुठल्या प्रकारची ते सांगणारी नोंद) बदलून डीव्हीडी-रॉम करता येतो, ड्राइव्हने साथ दिली तर. रीरायटेबल चाचणीला स्वस्त आणि मस्त, पण ती प्रकाश कमी परत पाठवते, जुना प्लेयर तिला नाकारतो, म्हणून रीरायटेबलवर नाही चाललं म्हणजे काम चुकलं असं समजायचं नाही.

वेग ८ एक्स. सर्वात जोरात नाही आणि सर्वात हळूही नाही, आजच्या डिस्कमधलं रंगद्रव्य १ एक्ससाठी बनवलेलंच नसतं. डिस्क फायनलाइज केली, म्हणजे लिहिणं बंद केलं. मग परत वाचून आयएसओशी एमडी५ (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवला. जुळला.

२८ जून

जुना प्लेयर आणि चौकोनी टीव्ही, नवा एचडीएमआय प्लेयर, एक ब्लू-रे प्लेयर, सगळीकडे फिरवून आणली. चौकोनी टीव्हीवर सगळ्यात सुंदर दिसतं, कसलीच तक्रार नाही, नाचाचा प्रवेश तर बघत राहावा असा. नव्या मोठ्या टीव्हीवर मऊपणा जाणवतो, तो जाणवणारच, पण हालचाल तिथेही सुरेख. एका प्लेयरवर चित्र धक्के खात होतं ते त्याच्या मेनूत प्रोग्रेसिव्हचं काहीतरी फिल्म मोडला ठेवलेलं होतं म्हणून, व्हिडिओ मोड केल्यावर ठीक.

ब्लू-रेवाल्यांनी विचारलं की ह्याच डिस्कवर एचडी नाही का देता येणार. एव्हीसीएचडी डिस्क म्हणून देता येते, डीव्हीडीच्याच कोऱ्या डिस्कवर एच.२६४, बरेच ब्लू-रे प्लेयर वाचतात. पण १८ मेगाबिटने एका डिस्कवर जेमतेम ३५ मिनिटं, म्हणजे एका अंकाला दोन डिस्क. त्यांना पेन ड्राइव्हवर एचडी फाइल देतो, भांडण नको.

३० जून

दुसरा अंक त्याच सेटिंगवर, पण त्यात पावसाचा प्रवेश आहे, मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरने सोडलेला पाऊस, आणि एन्कोडरची त्यावर पुरती दमछाक झाली. डीनॉइज फक्त तेवढ्या प्रवेशाला थोडा वाढवला, पावसाच्या काही रेघा पुसल्या गेल्या पण चेहरे वाचले, आणि त्या प्रवेशात संवादच महत्त्वाचे आहेत.

प्रतींवर स्टिकर लावायचे नाहीत, वजन एका बाजूला जाऊन डिस्क डगमगते आणि गोंद सुटला तर ड्राइव्हमध्ये अडकते. पाण्याच्या शाईचं मार्कर घेऊन मधल्या पारदर्शक भागावर अंक पहिला, अंक दुसरा एवढंच लिहायचं. आयएसओ, एक्सएमएल, सबटायटलची चित्रं आणि एडिट केलेला एचडी मास्टर असं सगळं हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये आहे. आणखी प्रती लागल्या तर आयएसओवरूनच काढा, डिस्कवरून डिस्क नको.